‘सूज’ या एका शब्दाने घातलेला घोळ

निपाणीजवळच्या एका खेड्यातून आलेलं पत्र. लांब होतं, कामापुरतं ठेवलं आहे.

“डॉक्टरबाई, नमस्कार. माझ्या सासूबाई 58 वर्षांच्या. तरुणपणी वीस-बावीस वर्षं विड्या वळल्या. नऊ वर्षांपासून बीपी आहे, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी चालू होती. कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 10 पण आहे, ती आठवली तर घेतात. नागपंचमीला ताप आला, सांधे धरले. चिकनगुनियासारखं दिसतंय असं डॉक्टर म्हणाले. ताप गेला, पण बोटं आणि गुडघे अजून आखडतात. राखी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी गावात रक्ततपासणीचं शिबिर होतं, तिथे पॅकेज केलं. एचएस-सीआरपी 8.6 आला, लाल अक्षरात, पुढे ‘हाय रिस्क’. ईएसआर 38, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 142, हिमोग्लोबिन 9.8. पुण्याच्या पुतण्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, हे इन्फ्लमेशन आहे, म्हणजे हार्टच्या नसांना सूज. त्यात यांचे पाय संध्याकाळी सुजतातच. त्यांनी मेडिकलमधून सुजेची गोळी आणली, दिवसाला दोन, आज अठरा दिवस झाले. ‘सूज हाय म्हणून बीपी चढतंय, सूज उतरली की बीपी आपसूक उतरंल’ असं म्हणून बीपीची गोळी बंद केली. वर आलं-लसूण-लिंबाचा काढा. काल आशाताईंनी बीपी बघितलं तर 168/98. आधी 136/84 च्या आसपास असायचं. आता लॅबवाले म्हणतात, आयएल-सिक्स नावाची आणखी एक तपासणी करा. करावी का? आणि ही सूज खरंच हार्टची आहे का?”

ताई,

उत्तर सविस्तर देते, पण पुढचं वाचायच्या आधी दोन कामं उरका. मेडिकलमधून आणलेली गोळी आजपासून बंद. आणि नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन लावून बीपीची गोळी पुन्हा सुरू करा, आधीची तीच, तेवढीच. राहिलेल्या दिवसांच्या भरपाईला दोन-दोन घ्यायच्या नाहीत. एक-दोन दिवसांत त्यांना दाखवून आणा आणि रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायला सांगा. का, ते खाली येतंच. मध्येच छातीवर दडपण आलं, दम लागला, दरदरून घाम फुटला, जबडा किंवा हात दुखून आला, बोलणं अडखळलं, तर सदर बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. बायकांच्या हार्ट अ‍ॅटॅकला छातीत कळ येतेच असं नाही. कधी नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं, आणि घरचे म्हणतात पित्त झालंय.

आता पत्राकडे. मी पॅथॉलॉजिस्ट, अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासण्यात घालवली. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या घरात चूक रक्ताने केलेली नाही, भाषांतराने केली आहे.

इन्फ्लमेशनला पुतण्याने ‘सूज’ म्हटलं. त्याचा दोष नाही, सगळे तेच म्हणतात. पण आपल्या मराठीत सूज म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? बोटाने दाबल्यावर खळगा पडणारा पाय. किंवा गालावर आलेली गाठ. मग हार्टला सूज म्हणजे काळीज फुगून टम्म झालंय असं वाटणार, आणि सुजेची गोळी शोधणार. शास्त्रातला मराठी शब्द ‘दाह’ आहे, पण तो पुस्तकातच राहिला. गंमत बघा, तुमच्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर कानडीत हा शब्द कधी दिसला तर थांबून वाचा: उरियूत. उरी म्हणजे आग, जळजळ. ऊत म्हणजे सूज. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसवलेत. आपण सीमाभागातली माणसं दोन्ही भाषा बोलतो, तर हा शब्द उसना घ्यायला काय हरकत आहे! सासूबाईंना सांगा, रिपोर्टात ‘सूज’ नाही आली, ‘उरियूत’ आली आहे. शरीरात कुठेतरी आग लागली आहे किंवा लागून विझत आली आहे, एवढंच तो सीआरपीचा आकडा सांगतो.

त्यांच्या घरात या घडीला तीन वेगवेगळ्या ‘सुजा’ आहेत आणि तिन्हींची खिचडी झाली आहे. संध्याकाळी पायावर येणारी सूज बहुधा अ‍ॅम्लोडिपिनची. ही गोळी बारीक रक्तवाहिन्या सैल करते, पाणी झिरपून घोट्याशी साठतं, रात्री पाय वर करून झोपलं की सकाळी उतरतं. त्याचा सीआरपीशी काही संबंध नाही. त्रास फार असला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. ते मनाने करायचं काम नाही. पायांबरोबर दम लागत असेल, एकच पाय सुजत असेल किंवा सकाळी तोंड सुजलेलं दिसत असेल, तर मात्र तेही सांगा. दुसरी सूज सांध्यांची, तापानंतरची. चिकनगुनिया असेल तर ही आखडण काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा रेंगाळते. आणि तिसरी ती रिपोर्टातली.

सीआरपी म्हणजे काय ते एकदा नीट बघू. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं. ते न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभिंतीतल्या ‘सी’ नावाच्या घटकाला चिकटत होतं, म्हणून नाव पडलं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. ते तयार होतं यकृतात. शरीरात कुठे जंतू शिरला, हाड मोडलं, हिरडी पिकली, सांधा तापला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-सिक्स नावाचा निरोप धाडतात. तुमचे लॅबवाले ज्याला आयएल-सिक्स म्हणतात तोच. निरोप पोचला की यकृत सीआरपी सोडायला लागतं. काही तासांत आकडा चढतो, दोन दिवसांत टोक गाठतो, आणि कारण मिटलं की दर एकोणीस तासांनी निम्मा होत उतरतो. मोठ्या जंतुसंसर्गात तो हजारपटीपर्यंतही जाऊ शकतो.

म्हणजे हे गल्लीतलं कुत्रं आहे. कुणीतरी आलं की भुंकतं. चोर आला तरी भुंकतं, जावई आला तरी भुंकतं, पलीकडच्या आळीतलं दुसरं कुत्रं दिसलं तरी भुंकतं. भुंकण्यावरून जाग येते, चोराचं नाव कळत नाही. आणि कुत्र्याला काठी मारून चोरी थांबत नाही. हे शेवटचं वाक्य मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. काही माणसांना जन्मतःच, जनुकांमुळे, सीआरपी जास्त असतो. अशा हजारो लोकांचा अभ्यास झाला. नुसत्या त्या कारणाने त्यांना हार्ट अ‍ॅटॅक जास्त येत नाहीत असं दिसलं. म्हणजे सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही, तो बोंब मारणारा आहे.

आता 8.6 हा आकडा. हृदयाचा धोका जोखायला 2003 साली अमेरिकेत जी पट्टी ठरली ती आजही लॅबच्या कागदावर छापतात: लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. संगणकाला एवढंच माहीत, म्हणून त्याने तुमचा आकडा लाल केला. पण ही पट्टी ठणठणीत दिवशी काढलेल्या रक्तासाठी आहे. तापातून उठलेल्या, सांधे धरलेल्या बाईचं रक्त घेऊन तिच्यावर ही पट्टी लावणं म्हणजे यात्रेच्या दिवशी गावची लोकसंख्या मोजणं. नागपंचमी ते राखी पौर्णिमा दहा दिवस, वर चार. ताप आल्यापासून चौदाव्या दिवशी सुई टोचली, तेही सांधे दुखत असताना. त्या दिवशी 8.6 आला नसता तरच मला नवल वाटलं असतं.

मलाही हा प्रसाद मिळालेला आहे. काही वर्षांपूर्वी माझा सीआरपी 11 आला. एका दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी माझं वय आणि बीपी बघून थेट अँजिओग्राफीची तारीख काढायला घेतली. मी पॅथॉलॉजिस्ट असून दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी डावी दाढ ठणकायला लागली. मुळाशी पू झाला होता. दाढ काढली, तीन आठवड्यांनी रक्त दिलं, आकडा 1.4.

कागद हातात आहे तोवर आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही बघून घ्या. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. एकाचा 8.6 म्हणजे दुसऱ्याचा 0.86. पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये 0.8 आला म्हणून पेढे वाटायचे आणि आकडा जिथल्या तिथे, असं झालेलं मी पाहिलं आहे. दुसरं, साधी सीआरपी आणि एचएस-सीआरपी या एकाच प्रथिनाच्या दोन तपासण्या आहेत. लहान लॅबमध्ये काचेवर थेंब टाकून करतात ती साधी, तिला साधारण 6 च्या खालचं काही दिसतच नाही. तापात काही मोठं चाललंय का ते बघायला ती ठीक आहे. 1 आणि 3 मधला फरक कळायला एचएस, म्हणजे जास्त संवेदनशील, तीच लागते.

ईएसआर 38 ची तर काळजीच सोडा. आम्ही पूर्वी उंच काचेच्या नळीत रक्त उभं करून ठेवायचो आणि तासाभराने तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचो. नळी जरा कलली किंवा खिडकीतलं ऊन तिच्यावर आलं तरी आकडा वाढायचा, म्हणून शिपाईमामांना त्या स्टँडजवळून झाडू मारायलासुद्धा बंदी होती. इतकी नाजूक आणि इतकी मोघम तपासणी आहे ती. वयाबरोबर ती वाढते. बायकांसाठी एक ढोबळ हिशेब आहे: वयात 10 मिळवा, निम्मं करा. 58 चे झाले 34. त्यात हिमोग्लोबिन 9.8. रक्त पातळ असलं की पेशी भराभर खाली बसतात. मग 38 मध्ये उरलं काय?

उलट, त्या कागदावर कुणी लाल न केलेली पण मला टोचलेली गोष्ट म्हणजे हे 9.8 च. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. पाळी गेलेल्या बाईचं ते इतकं कमी का, याचा शोध घ्यायला हवा. शौचाला काळं होतं का ते विचारा, लाजू नका. अठरा दिवसांच्या त्या गोळ्यांनी पोटाच्या आतून रक्त झिरपू शकतं.

आता त्या गोळीबद्दल. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण आपल्याकडे ‘सुजेची गोळी’ म्हणून पानाच्या टपरीइतक्या सहज मिळते ती बहुतेक अ‍ॅसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सेरॅशिओपेप्टिडेज अशी तिहेरी. किंवा डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्याने बीपी चढतं, पायाची सूज वाढते, आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या औषधाची धार बोथट होते. दोन्ही औषधं एकदम चालली तर मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून वर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायला सांगितलं. या गोळ्या रोज आणि बरेच दिवस घेतल्या तर हार्ट अ‍ॅटॅकचा धोकासुद्धा वाढतो. आणि नसांच्या आतल्या ज्या दाहाची पुतण्याला भीती वाटली, त्यावर त्यांचा उपयोग नाही. सांध्यांसाठी डॉक्टरांना विचारून नुसती पॅरासिटामॉल, गरम पाण्याचा शेक, आणि बोटांची सावकाश उघडझाप.

मग नसांचा दाह हा प्रकार खोटा आहे का? नाही. पुतण्या अर्धा बरोबर होता, आणि हा अर्धा भाग समजून घेण्यासारखा आहे.

रक्तवाहिनीला आतून एकेरी पेशींचं अस्तर असतं. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की ते अस्तर ठिकठिकाणी खरवडल्यासारखं होतं, त्याची राखण ढिली पडते. रक्तात एलडीएल जास्त असेल तर ते त्या जागांतून भिंतीत शिरतं आणि तिथे बिघडतं, तेल खवट व्हावं तसं. शरीराला वाटतं परकं काही आलं. पांढऱ्या पेशी धावतात, ती चरबी गिळतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. तो राडा आवरायला आणखी पेशी येतात. असं साचत साचत भिंतीत एक पिकलेल्या गळवासारखी जागा तयार होते, वर पातळ साय. दाह चालू राहिला की ही साय आतून कुरतडली जाते. एखाद्या दिवशी ती फाटते, आतला माल रक्ताला लागतो, तिथे गुठळी धरते, आणि वाट बंद. हार्ट अ‍ॅटॅक म्हणजे मोरीत चरबी अडकल्यासारखा हळूहळू ब्लॉकेज वाढत जाणं एवढंच नव्हे. पुष्कळदा ते असं एकाएकी फुटणं असतं. बीपी, कोलेस्टेरॉल आणि दाह ही तीन वेगळी दुखणी नव्हेत, तिघं एकमेकांच्या हातात हात घालून चालतात.

म्हणूनच स्वस्थ दिवशी काढलेला सीआरपी काहीतरी खरं सांगून जातो. अमेरिकेत 27,939 बायकांचं एकदाच घेतलेलं रक्त ठेवून त्यांच्यावर 30 वर्षं लक्ष ठेवलं गेलं, निष्कर्ष 2024 मध्ये आले. सुरुवातीला सीआरपी सगळ्यांत वरच्या गटात असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघात सगळ्यांत खालच्या गटापेक्षा ठळकपणे जास्त झाले, आणि ही तफावत एलडीएलवरून केलेल्या गटांतल्या तफावतीपेक्षाही मोठी होती. आपल्या बायकांचं बीपी सोडून कुणी काही बघत नाही, त्यामुळे हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि औषधांचं? 2008 मध्ये आलेल्या ज्युपिटर नावाच्या चाचणीत 17,802 माणसं घेतली होती. त्यांचं एलडीएल 130 च्या खाली होतं, म्हणजे फार काही नव्हतं, पण सीआरपी 2 किंवा जास्त. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन 20 दिलं. हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात वगैरे 44 टक्क्यांनी घटले. एलडीएल निम्म्यावर आलं आणि सीआरपी 37 टक्क्यांनी उतरला. म्हणजे तुमच्या सासूबाई जी ‘आठवली तर’ घेतात, त्याच स्टॅटिनच्या घराण्यातली गोळी चरबी आणि आग दोन्हीवर काम करते. आणि टेल्मिसार्टन? ते अँजिओटेन्सिन-टू या रसायनाची वाट अडवतं. हे रसायन नुसतं बीपी चढवत नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीत दाहही पेटवतं.

बघा आता काय झालं ते. घरात सुजेवरची दोन खरी औषधं होती. त्यातलं एक आठवलं तरच घेत होत्या, दुसरं सुजेच्या भीतीने बंद केलं, आणि आग न विझवता बीपी चढवणारी तिसरी गोळी आणली.

नुसत्या दाहावर मारा करून बघायचे प्रयोगही झाले आहेत, तुमच्या पुतण्याने ते वाचले असतील. 2017 मध्ये कॅनाकिनुमॅब नावाचं महागडं इंजेक्शन, आधी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या 10,061 जणांत. एलडीएलला हातही न लावता तपासलेल्या मात्रांपैकी एका मात्रेत हृदयाचे प्रसंग 15 टक्क्यांनी कमी झाले, पण जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले. संधिवातातलं मेथोट्रेक्सेट 2019 मध्ये करून बघितलं, काही फायदा नाही. गाऊट या सांधेदुखीवरचं जुनं कोल्चिसिन अगदी कमी मात्रेत काही चाचण्यांत उपयोगी ठरलं, एका मोठ्या चाचणीत नाही. हे सगळं ज्यांचं हृदय आधीच दुखावलंय त्यांच्यासाठी, हृदयविकारतज्ज्ञाच्या हाताखाली. सासूबाईंच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आयएल-सिक्सची तपासणी करू नका. सीआरपी हा त्याच निरोपाचा परिणाम आहे. निरोप वेगळा मोजून तुमच्या उपचारात तीळभर फरक पडणार नाही, खिशात पडेल. फायब्रिनोजेन, होमोसिस्टीन, अमुक रेशो, हेही नको. एकच जास्तीची तपासणी परवडली तर करा: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण. ती आयुष्यात एकदा केली की पुरते, कारण तो आकडा आईवडिलांकडून येतो आणि जवळजवळ तसाच राहतो. आपल्या लोकांत तो जास्त असल्याचं पुष्कळदा दिसतं, आणि सासूबाईंचा जास्त निघाला तर तुमच्या नवऱ्याचाही बघावा लागेल.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. निपाणीचा तंबाखूचा मुलूख, वीस-बावीस वर्षं विड्या वळलेली बाई, आणि एवढ्या लांब पत्रात मिश्रीचं नाव नाही. म्हणजे एकतर त्या लावत नाहीत, किंवा ती इतकी रोजची गोष्ट आहे की लिहावीशीच वाटली नाही. माझा अंदाज दुसरा आहे. चुकला तर माफी मागेन. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, पत्र्याची चपटी डबी, सकाळी चूल पेटायच्या आधी आणि दुपारी जेवण झाल्यावर तर्जनीने हिरड्यांवर. असं असेल तर आधी त्यांचं तोंड उघडून बघा. हिरड्या दातांपासून सुटल्यात का, दाबल्यावर रक्त येतं का, दात हलतात का. बारमाही पिकलेल्या हिरड्या हे सीआरपी वर ठेवणारं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि शिबिराच्या कुठल्याच पॅकेजमध्ये हिरड्या बघत नाहीत. दंतवैद्याकडे जाऊन दात साफ करून घेतले, हिरड्यांचा इलाज केला, तर आकडा थोडा तरी उतरतो. मिश्री एका दिवसात सुटणार नाही. दुपारची आधी सोडायला सांगा. ‘तंबाखूने दात घट्ट होतात’ हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं असणार. त्यावर वाद घालू नका, हलणारा दात आरशात दाखवा. आणि तंबाखूने बीपीही चढतं, तेव्हा आशाताई येण्याआधी अर्धा तास मिश्री नको, चहाही नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवायचं, दंडावर पदराची घडी न येऊ देता पट्टा बांधायचा. घराजवळ कर्नाटक सरकारचं नम्म क्लिनिक किंवा दुसरा सरकारी दवाखाना असेल तर आठवड्यातून एकदा तिथे मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. तिथे ‘रक्तदोत्तड’, म्हणजे कानडीत बीपी, म्हणालात की लगेच समजतील.

खाण्याचं फार सांगत नाही, कारण भाकरी, पालेभाजी, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी हे जेवण मुळात चांगलंच आहे. मीठ मात्र दिसतं तिथे नसतं, लपलेलं असतं: लोणचं, पापड, सांडगे, तळलेली भरली मिरची, ठेचा. दिवसाला सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, एवढंच मीठ पोटात जायला हवं. नुसत्या लोणच्याच्या दोन फोडी आणि दोन पापडांत त्यातला बराच वाटा संपतो. आलं-लसूण-लिंबाचा काढा पोटाला सोसत असेल तर आवडीने घेऊ द्या, हळदीचं दूधही घेऊ द्या, फक्त गोळीच्या जागी नको. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र आणू नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

रक्त पुन्हा कधी द्यायचं? सांध्यांचा जोर ओसरू द्या, हिरड्यांचं बघून घ्या, सर्दी-ताप-जखम काही नको, आणि मग तीन-चार आठवड्यांनी एचएस-सीआरपी. त्यानंतर दोन आठवड्यांनी आणखी एकदा, त्याच लॅबमध्ये, आणि दोन्हींची सरासरी. 10 च्या वर आला तर तो हृदयासाठी धरायचाच नाही. तेव्हा दुसरं काही शोधायचं, लघवीतला जंतुसंसर्ग, संधिवात, वजन घटत असेल आणि खोकला असेल तर क्षय. 2 किंवा 3 च्या वर टिकून राहिला तर घाबरायचं कारण नाही, पण अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 10 पुरते का, हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. खरं तर बीपी असलेल्या बाईचं एलडीएल 142 हे सीआरपीशिवायही तो प्रश्न विचारायला पुरेसं आहे. आधी महिना-दोन महिने ती रोज घेतली जाते का ते बघा. दोन्ही गोळ्या एकदम, रात्रीच्या जेवणानंतर, देवाजवळच्या दिव्याशेजारी डबी ठेवून. कोलेस्टेरॉलची गोळी वेगळ्या वेळेला ठेवली की ती विसरतेच, हा माझा घरचा अनुभव आहे.

दवाखान्यात जाताना तोंडी नावं सांगू नका. मेडिकलमधून आणलेल्या गोळीची रिकामी पट्टी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, काढ्याची बाटलीसुद्धा, सगळं एका पिशवीत घालून न्या. आणि मला परत लिहाल तेव्हा ‘जास्त आला’ किंवा ‘कमी आला’ असं नको. आकडा, त्याच्यापुढचं युनिट आणि रक्त दिलं त्या दिवशी अंगात काय काय दुखत होतं, एवढं लिहा. मिश्रीचं काय झालं तेही.